साधन सर्वांच्या हाती, कसब कोणाच्या?



गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या समाजाच्या सभासमारंभांतून एक प्रश्न वारंवार कानी पडू लागला आहे. हिब्रूत चार वाक्ये बोलावीत आणि क्षणार्धात त्यांचे मराठी पान तयार होऊन हाती यावे, इतकी सोय आता झाली आहे. मग मुलानातवंडांना बाराखडी शिकविण्याचा, शुद्धलेखनाचा आणि वाक्यरचनेचा खटाटोप कशासाठी करावयाचा? हा प्रश्न विचारणारे आळशी नाहीत आणि मायबोलीचे वैरी तर मुळीच नाहीत. दिवसभराच्या कामाने थकून घरी येणारे, मुलांच्या शाळेचा हिब्रू आणि इंग्रजी अभ्यास कसाबसा उरकणारे हे आईबाप आहेत. त्यांना सरळ उत्तर मिळाले पाहिजे. ‘आपली भाषा आहे म्हणून शिकवा’ एवढे म्हणून त्यांचे समाधान होणार नाही आणि होऊही नये.

माझ्या आयुष्याची पहिली कमाई अक्षरांच्या धंद्यातली आहे. मुंबईस गिरगावातील एका छापखान्यात मी सतराव्या वर्षी जुळारी म्हणून उमेदवारीस लागलो. पुढे १९७१ साली इस्राएलला आल्यावर धंदा बदलला, परंतु समाजाच्या पत्रकांचे काम हातून सुटले नाही. त्यामुळे मराठी मजकूर कागदावर उतरविण्याची साधने एकामागून एक बदलताना मी जवळून पाहिली आहेत. त्या अनुभवावरून माझे मत असे बनले आहे की, साधन सोपे झाले म्हणजे कष्ट खात्रीने कमी होतात, पण कसबाची गरज तेवढीच राहते. कसब फक्त आपली जागा बदलते, आणि नव्या जागी ते चटकन डोळ्यांस दिसत नाही, एवढेच.

ही गोष्ट आपल्या समाजाला नवी नाही. शिळाप्रेसचा इतिहास पाहा. अठराव्या शतकाच्या अखेरीस बव्हेरियात आलॉइस झेनेफेल्डर याने चुनखडीच्या दगडावरून छापण्याची युक्ती शोधून काढली. तेलकट शाईने दगडावर लिहावे, दगड पाण्याने ओला करावा, मग छापण्याची शाई फिरवावी. ती शाई लिहिलेल्या अक्षरांना तेवढी धरते आणि ओल्या दगडावर बसत नाही. या युक्तीमुळे शिशाचे खिळे पाडण्याचा सगळा खर्च टळला. ज्या लिपीचे खिळे सहजी मिळत नव्हते, त्या लिपीतही आता छापता येऊ लागले. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली मराठी पंचांग छापले ते शिळाप्रेसवरच. आपल्या समाजाच्या हाती हे साधन आले आणि १८४६ साली मुंबईत मराठी भाषांतरासह पेसाहची हग्गादा शिळाप्रेसवर छापून निघाली. १८७४ साली पुण्यात निघालेली हग्गादाही शिळाप्रेसचीच. तिच्यातील चित्रांत मात्सा तयार करणाऱ्या स्त्रिया साड्या नेसलेल्या आहेत, हे ज्यांनी ती पाहिली आहे त्यांना आठवत असेल.

आता विचार करा. शिळाप्रेसने छापणे स्वस्त केले, पण पान कोणी लिहिले? हिब्रू उजवीकडून डावीकडे जाणार, मराठी डावीकडून उजवीकडे. दोन्ही लिप्या एकाच पुस्तकात शोभतील अशा आकाराने बसविणे, ओळ कोठे तोडावी हे ठरविणे, आशीर्वादाचे शब्द आणि त्यांचा अर्थ समोरासमोर येईल अशी योजना करणे, हे काम दगड करू शकत नव्हता. लिहिणाऱ्याचा हात जसा असेल तसा तो शेकडो प्रतींत उमटत होता. वेडेवाकडे अक्षर पूर्वी एका वहीपुरते राहत असे. आता ते घरोघर जाऊ लागले. म्हणजे साधन सुलभ झाल्याने चांगल्या हाताची गरज उलट वाढली.

हीच गोष्ट भाषांतराची. जोसेफ यहेज्केल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी आपल्या प्रार्थनांची मराठी भाषांतरे केली, म्हणून हिब्रू न समजणाऱ्या कित्येक कुटुंबांना आपण काय म्हणतो आहोत हे कळू लागले. छापखाने तेव्हा मुंबईत पुष्कळ होते. परंतु हिब्रूतील एखादा शब्द मराठीत आणताना तो फार ग्रांथिक होऊ नये आणि फार घरगुतीही होऊ नये, हे ज्याला कळते असा माणूस लागत होता. तो माणूस घडायला आयुष्यभराचा अभ्यास लागला.

मी छापखान्यात लागलो तेव्हा शिळाप्रेसचा काळ केव्हाच मागे पडला होता आणि शिशाच्या खिळ्यांचे राज्य होते. जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याचे खिळे अक्षरांच्या सौंदर्याबद्दल साऱ्या देशात नावाजले गेले. ते घडविणारे राणोजी रावजी आरू यांचे नाव आमचे फोरमन कान धरून घेत असत. उमेदवाराला पहिले सहा महिने मजकूर जुळवायला मिळतच नसे. छापून झालेल्या मजकुराचे खिळे सुटे करून ज्याच्या त्याच्या खान्यात टाकणे, एवढेच काम. देवनागरीचे काना, मात्रा, वेलांट्या, उकार, अर्धी अक्षरे आणि जोडाक्षरे मिळून खाने शेकडो. अक्षर खिळ्यावर उलटे असते, ते उलटेच वाचावयास शिकावे लागे. पहिली वेलांटी एका खान्यात आणि दुसरी वेलांटी दुसऱ्या खान्यात. ‘कवि’ की ‘कवी’, ‘दिन’ की ‘दीन’, हा प्रश्न आमच्या दृष्टीने व्याकरणाच्या पुस्तकातला नव्हता. हात कोणत्या खान्याकडे न्यावयाचा, हा होता. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि अनुच्चारित अनुस्वार गेले. परंतु जुने लेखक त्यानंतरही अनुस्वारांसह हस्तलिखिते पाठवीत. कोणते टिपके ठेवावयाचे आणि कोणते गाळावयाचे, हे जुळाऱ्याला त्या क्षणी ठरवावे लागे.

त्या वेळी हे काम मला अतिशय कंटाळवाणे वाटे. आज मागे वळून पाहता दिसते की माझे सारे मराठी त्या खान्यांतून आले. शाळेत मी काही विशेष हुशार विद्यार्थी नव्हतो. परंतु दिवसाला हजारो अक्षरे एकेक करून हाताखालून गेली, की कोणते वाक्य लंगडते आहे हे बोटांनाच कळू लागते. चांगल्या लेखकाचा मजकूर जुळवताना हात आपोआप चालत असे. वाईट लेखकाचा मजकूर जुळवताना दर दोन ओळींनी थांबावे लागे. हे कोणी मला शिकविले नाही, मी ते निराळे असे शिकलोही नाही. कष्टाच्या पोटातून ते ज्ञान आले. या मुद्द्याकडे मला पुढे पुन्हा यावयाचे आहे.

अश्दोदला आल्यावर मी एका कारखान्यात कामाला लागलो. समाजाच्या मंडळींना सणावारांच्या वेळा, लग्नमुंजींच्या वार्ता, नव्याने आलेल्या कुटुंबांसाठी सूचना, असे काही मराठीत काढावेसे वाटू लागले. आमच्याकडे मराठी टंकलेखन यंत्र नव्हते. तेव्हा मेणाच्या स्टेन्सिलवर लोखंडी लेखणीने हाताने लिहावयाचे आणि सायक्लोस्टाइलवर प्रती काढावयाच्या. ज्यांनी हे काम केले आहे त्यांना ठाऊक आहे की, लेखणी हलकी चालली तर अक्षर उमटत नाही आणि जड चालली तर ‘व’, ‘ब’, ‘क’ यांच्या पोटातला कागद फाटून गळून पडतो व तेथे शाईचा काळा डाग उठतो. हाताला तो दाब सापडेपर्यंत पुष्कळ स्टेन्सिले वाया जातात.

सायक्लोस्टाइलने एक मोठी गोष्ट केली. छापखाना नसलेल्या गावातही वर्तमानपत्र काढता येऊ लागले. त्या काळात आपल्या लोकांच्या वस्तीत ठिकठिकाणी अशी पत्रके निघत, आणि हातांवर शाई माखून घेणाऱ्या उत्साही तरुणांना तोटा नव्हता. सर्वांचे यंत्र एकाच जातीचे, कागद एकाच दुकानातला. तरी काही पत्रके लोक शेवटच्या ओळीपर्यंत वाचत आणि जपून ठेवत, तर काहींत दुसऱ्या दिवशी मासळी गुंडाळली जाई. फरक कशाचा होता? जे पत्रक जपले जाई ते काढणारा एक तरी माणूस असा असे, की ज्याला काय लिहावे यापेक्षा काय वगळावे हे अधिक कळत होते. अध्यक्षांच्या लांबलचक भाषणाच्या चार ओळी करणारा आणि एखाद्या म्हाताऱ्या बाईने सांगितलेली आठवण मात्र तिच्याच शब्दांत पूर्ण पान देऊन छापणारा संपादक ज्या गावाला लाभला, त्या गावाचे पत्रक वाचले गेले.

पुढे संगणक आले. सुरुवातीला प्रत्येक कंपनीची मराठी अक्षरे वेगळी. एका संगणकावरचे पान दुसऱ्यावर नेले की सगळी अक्षरे विचित्र खुणा होऊन जात. १९९१ साली युनिकोडमध्ये देवनागरीला जागा मिळाली आणि कालांतराने ती अडचण दूर झाली. मे २०१३ मध्ये गूगलच्या भाषांतरयंत्रात मराठीचा समावेश झाला. २०२२ च्या अखेरीपासून तर मागितलेला लेख स्वतःच लिहून देणारी यंत्रे सर्वसामान्यांच्या हाती आली. दगडापासून येथवरचा हा प्रवास जेमतेम दोनशे वर्षांचा आहे.

या नव्या साधनांना मी नावे ठेवणार नाही. त्यांचे उपकार मी स्वतः पाहिले आहेत. आमच्या इमारतीत चौऱ्याऐंशी वर्षांच्या एक आजी राहतात. त्यांचा हात कापतो, त्यामुळे वीस वर्षांत त्यांनी लेखणी धरलेली नाही. नातीने त्यांच्यासमोर मोबाइल ठेवला आणि ‘आजी, तू नुसती बोल’ असे सांगितले. रोश हशानाच्या आधीच्या आठवड्यात त्यांनी आपल्या पद्धतीच्या चिकाच्या हलव्याची सगळी कृती बोलून दाखविली. गहू किती दिवस भिजवावेत, चीक कसा काढावा, नारळाचे दूध केव्हा घालावे, आणि हलवा झाला हे कसे ओळखावे. ती कृती आज त्या कुटुंबाच्या चार घरांत गेली आहे. हे यंत्र नसते तर ती आजींबरोबरच गेली असती. याबद्दल यंत्राचे आभारच मानावयास हवेत.

मात्र त्यातली एक गंमतही सांगितली पाहिजे. यंत्राने ‘चिकाचा हलवा’ ऐकला आणि ‘चिकनचा हलवा’ असे लिहिले. मथळ्यातही तसेच आणि आत सहा ठिकाणी तसेच. मजकूर नातीने वाचला होता, नातजावयाने वाचला होता. दोघांनाही काही खटकले नाही. तो कागद आजींना मोठ्याने वाचून दाखविला तेव्हा त्या इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावे लागले. आम्हीही हसलो. पण घरी परतताना माझ्या मनात आले की, या घरात आजी आहेत म्हणून आपण हसलो. आजी नसत्या तर तो कागद तसाच पुढच्या पिढीच्या हाती पडला असता, आणि आपल्या पणज्या कोंबडीचा हलवा करीत असत असे एखाद्या पणतूने मोठ्या अभिमानाने सांगितले असते.

चिकाचे हे उदाहरण हसण्यावारी नेता येते. पण पुढची उदाहरणे तशी नाहीत. हिब्रूत ‘दोदा’ या एका शब्दात मावशी, आत्या, काकू आणि मामी या चौघी बसतात, आणि ‘दोद’ या शब्दात काका, मामा व त्यांच्या जोडीला मावशीचे आणि आत्याचे यजमानही. यंत्रापुढे ‘दोदा’ हा शब्द ठेवला तर त्याने कोणता मराठी शब्द निवडावा? नाते त्याला ठाऊक नाही. ते काहीतरी एक निवडते आणि अगदी खात्रीने लिहिते. काही महिन्यांपूर्वी एका मेंदीच्या आमंत्रणपत्रिकेत मुलाच्या मावश्या आणि आत्या सरसकट ‘काकू’ म्हणून छापल्या गेल्या. सख्ख्या आत्याबाईंनी पत्रिका हातात धरून विचारले, ‘मी याची काकू कधीपासून झाले?’ मुलाला त्यांच्या रागाचे कारणच कळेना. त्याच्या दृष्टीने दोदा ती दोदाच.

तसेच ‘अता’ या शब्दाचे. हिब्रूत नातवालाही ‘अता’ आणि पंतप्रधानालाही ‘अता’. मराठीत ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांत जे अंतर आहे, त्यात आपले सगळे घर आणि सगळा समाज सामावलेला आहे. आईला आपण ‘तू’ म्हणतो आणि त्यात प्रेम असते. सिनेगॉगच्या वृद्ध हज्जानांना ‘तू’ म्हटले तर तो अपमान होतो. सांत्वनाच्या पत्रात यंत्राने ‘तू’ घातले तर ते व्याकरणाच्या नियमाने शुद्ध असते, आणि तरी पत्र वाचणाऱ्या विधवेला ते लागते. ही चूक शुद्धलेखनाच्या कोणत्याही तपासणीत सापडणार नाही. ती सापडते ती अशा माणसाला, की ज्याने लहानपणी वडीलधाऱ्यांच्या समोर उभे राहून हे शब्द वापरले आहेत.

आता एक प्रसंग सांगतो. सैन्यातील सेवा संपवून आलेला एक तरुण आपल्या दिवंगत आजोबांवरचा लेख घेऊन माझ्याकडे आला. समाजाच्या अंकात तो छापावा अशी त्याची इच्छा होती. लेख यंत्राने लिहिलेला होता आणि ते त्याने लपविले नाही. एकही अक्षर चुकलेले नव्हते. आजोबा कुटुंबाचे आधारस्तंभ होते, त्यांचे जीवन प्रेरणादायी होते, त्यांची उणीव सदैव भासत राहील, असे त्यात होते. त्या वर्षात अशाच शब्दांचे चार लेख माझ्या हातांखालून गेले होते. नावे तेवढी निराळी.

मी लेख बाजूला ठेवला आणि त्याला विचारले, ‘तू सैन्यात गेलास तेव्हा आजोबा काय म्हणाले?’ तो थोडा वेळ गप्प बसला. मग अर्ध्या हिब्रूत आणि अर्ध्या मराठीत सांगू लागला. आजोबा पूर्वी मुंबईच्या गिरणीत होते आणि इकडे आल्यावरही कापडगिरणीतच मागावर होते. नातू पहिल्यांदा गणवेश घालून घरी आला तेव्हा त्यांनी आशीर्वाद देण्याच्या आधी त्याच्या सदऱ्याची कड दोन बोटांत धरून चोळली, उजेडात नेऊन ताणा-बाणा पाहिला आणि म्हणाले, ‘कापड चांगले दिले आहे. टिकेल.’ मग तोंड वळवून आत गेले. मुलगा म्हणाला, ‘तेव्हा मला राग आला. आता वाटते, ते घाबरले होते आणि त्यांना दुसरे काही बोलता येत नव्हते.’

मी म्हटले, ‘हे लिही.’ तो म्हणाला, ‘असे लिहितात का?’

वाचकहो, त्या मुलाच्या या प्रश्नात आजच्या विषयाचे सगळे सार आहे. ही गोष्ट यंत्राला ठाऊक नव्हती, कारण कोणी ती त्याला सांगितली नव्हती. मुलाने ती सांगितली नव्हती, कारण ही लिहिण्याजोगी गोष्ट आहे हेच त्याला माहीत नव्हते. शंभर आठवणींतून जी एक आठवण माणूस उभा करते ती ओळखणे, हेच लेखकाचे मूळ कसब. अक्षर सुबक काढणे, शब्द शुद्ध लिहिणे ही त्याची बाहेरची अंगे आहेत. ती यंत्राने उचलली तरी आतले काम शिल्लक राहते. आम्ही दोघे तीन संध्याकाळी बसलो. त्याच्या तुटक मराठीतून बावीस ओळी तयार झाल्या. शेवटी दोन ठिकाणी योग्य शब्द सापडेना, तेव्हा त्यानेच मोबाइलवर यंत्राला पर्याय विचारले. यंत्राने पाच शब्द सुचविले. त्यांतला एक त्याने घेतला आणि चार टाकले. पहिल्या संध्याकाळी त्याला ही निवड करता आली नसती. त्या बावीस ओळी छापल्या गेल्या, आणि शिवाच्या दिवसांतही ज्यांच्या डोळ्यांत पाणी दिसले नव्हते, असे त्याचे वडील त्या वाचून रडले.

कोणी म्हणेल, ही हळव्या मनाची गोष्ट झाली. व्यवहारात असे चालत नाही. म्हणून व्यवहारातले एक उदाहरण देतो, आणि तेही आपल्या डोळ्यांसमोरचे. तारीख घातलेले पहिले हिब्रू पुस्तक १४७५ साली छापले गेले. म्हणजे हिब्रू छपाईला साडेपाचशे वर्षे होत आली, तरी सेफेर तोरा आजही सोफेर हाताने लिहितो. त्यातली अक्षरे ३ लाख ४ हजार ८०५. धर्माची आज्ञा आहे म्हणून तो हाताने लिहितो, यात वाद नाही. परंतु त्या आज्ञेतले दोन नियम मला सर्वच लेखनासाठी उपयोगी वाटतात. सोफेरने पाठ येत असले तरी समोरच्या प्रतीत पाहूनच लिहावयाचे, आणि प्रत्येक शब्द लिहिण्याआधी तोंडाने उच्चारावयाचा. लिहून झालेल्या गुंडाळीची तपासणी आता येथे संगणकाच्या साहाय्यानेही होते. एखादे अक्षर गळले किंवा दोनदा पडले तर माणसाच्या थकलेल्या डोळ्यांपेक्षा संगणक ते लवकर पकडतो. पण अक्षराचा आकार नियमाप्रमाणे आहे की नाही, एक अक्षर दुसऱ्याला चिकटले आहे काय, याचा निवाडा जाणता परीक्षकच करतो. यंत्र आणि कसबी माणूस एकमेकांच्या शेजारी बसून काम कसे करतात, याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही. आणि त्या जोडीतला माणूस काढून टाका, म्हणजे काम यंत्रावर भागेल, असे तेथे कोणी म्हणत नाही.

आता मी मघाच्या मुद्द्याकडे येतो. खिळे खान्यांत टाकण्याच्या कंटाळवाण्या कामातून मला भाषा आली, हे मी वर सांगितले. ते काम आज नाही. स्टेन्सिलही नाही. आपल्या पिढीला कसब मिळाले ते कोणी ठरवून दिले म्हणून नव्हे. साधने अवघड होती आणि त्यांच्याशी झटावे लागले, म्हणून ते आपोआप मिळाले. आज साधन सोपे आहे, म्हणून झटणे उरले नाही, आणि त्याबरोबर ते आपोआप मिळणारे शिक्षणही थांबले. यंत्राच्या पाच शब्दांतून योग्य शब्द निवडण्याची दृष्टी ज्या श्रमातून येते, तेच श्रम यंत्राने वाचविले आहेत. ही खरी अडचण आहे, आणि आपल्यासारख्या लहान समाजाला ती इतरांपेक्षा लवकर भोगावी लागणार आहे. महाराष्ट्रात मराठी बोलणारे कोट्यवधी आहेत. तेथे यंत्राने चूक केली तर रस्त्यावरचा माणूसही ती दाखवील. येथे आपण किती आहोत? त्यांत मराठी वाचू शकणारे किती, आणि त्यांतले सत्तरीच्या आतले किती? उद्या आपले अंक निघतील, सुबक निघतील, शुद्ध मराठीत निघतील. त्यांत ‘चिकनचा हलवा’ आहे हे सांगणारा मात्र कोणी नसेल. भाषा मेली तर निदान लोकांना कळते आणि ते शोक करतात. यंत्र ती चालवीत राहिले तर ती गेली हे कोणाच्या लक्षातही येणार नाही.

म्हणून प्रश्न विचारणाऱ्या आईबापांना माझे उत्तर असे आहे. मुलांनी यंत्र वापरू नये असे मी म्हणत नाही. मी स्वतः वापरतो. मुलांना मराठी शिकवावयाचे ते यंत्राशी स्पर्धा करण्यासाठी नव्हे. यंत्राने लिहिलेले वाचून ‘हे माझ्या आत्याबद्दल आहे, काकूबद्दल नाही’ एवढे त्यांना सांगता यावे, यासाठी. आणि आपल्या आजोबांबद्दल नेमके काय सांगावयाचे हे त्यांना स्वतःला उमगावे, यासाठी. तेवढे यावे म्हणून थोडे श्रम आपण होऊन त्यांच्या वाट्याला ठेवावे लागतील.

ते फार नाहीत. पेसाहच्या रात्री हग्गादाचा एक परिच्छेद तरी मुलाने मराठीतून मोठ्याने वाचावा आणि वडीलधाऱ्यांनी तो ऐकावा. महिन्यातून एक पत्र भारतातील एखाद्या नातलगाला हाताने लिहावे. दहा ओळी पुरेत. घरातील वृद्धांच्या आठवणी मोबाइलवर जरूर घ्याव्यात, पण लिहून आलेला मजकूर त्यांना वाचून दाखविल्याशिवाय पुढे पाठवू नये. आणि मोठ्यांना एक विनंती: मुलांच्या मोडक्या मराठीला हसू नका. ‘माझा आजी आला’ असे म्हणणारे मूल मराठीशी झटत असते. ते हसण्याला भिऊन गप्प बसले, की यंत्राकडेच वळणार, कारण यंत्र हसत नाही.

या अंकात तरुणांसाठी एक पान राखून ठेवण्याचे संपादकांनी मान्य केले आहे. लेख कसाही लिहावा, यंत्राची मदत घ्यावी. अट एवढीच की आपल्या हाताने लिहिलेला पहिला खर्डा, तो कितीही चुकलेला असो, सोबत जोडावा. ज्यांना कोणी बरोबर बसणारे हवे असेल त्यांच्यासाठी मी दर मंगळवारी संध्याकाळी पाच ते सात समाजाच्या सभागृहात बसणार आहे. पेन्सिल आणि खोडरबर मी आणीन. मोबाइल तुमचा तुम्ही आणावा.

— एक जुना जुळारी, अश्दोद